टोक्सो पॉझिटिव्ह आलं तेव्हा: कणकवलीतल्या एका दवाखान्याचा माझा दीड वर्षाचा अनुभव

ज्या गरोदर बाईच्या हातात टॉर्च या रक्ततपासणीचा रिपोर्ट आहे, त्यात टोक्सोप्लाझ्मा या जंतूसमोर ‘पॉझिटिव्ह’ लिहिलंय आणि पुढे काय करायचं ते घरात कुणालाच कळत नाही, तिच्यासाठी हे लिहितेय. मागच्या वर्षी जानेवारीत मी तिच्या जागी होते. आता मुलगी एक वर्षाची झाली, तिचा शेवटचा रिपोर्ट गेल्या आठवड्यात आला, म्हणून आज लिहायला बसले. आधी लिहिलं असतं तर अर्धवट झालं असतं.

मी आचऱ्याला राहते, एका पतसंस्थेत क्लार्क आहे. दवाखाना कणकवलीत आहे, आमच्याकडून एसटीने तासाभरावर. डॉक्टर बाईंनी नाव लिहू नकोस असं स्वतः सांगितलंय, त्यामुळे लिहीत नाही. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मला विचारावं, मी सांगेन.

माझी पहिली तपासणी दुसरीकडे झाली होती. ११वा आठवडा होता. ताप नाही, तक्रार नाही, आधी कधी गर्भपात झालेला नाही, तरी सगळ्यांची करतो म्हणून टॉर्च केली. टॉर्च म्हणजे टोक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस असं सगळं एकाच रक्तात बघायचं पॅकेज, २,२०० रुपये. रिपोर्ट आला त्यात टोक्सोचं आयजीजी पॉझिटिव्ह, आयजीएमही पॉझिटिव्ह (या रक्तातल्या दोन प्रकारच्या अँटीबॉडी), दोन्ही आकडे तांबड्या अक्षरांत. कागद उलटसुलट करून बघितला. आकड्याचा अर्थ काय, याची एक ओळसुद्धा कुठे नव्हती. तिथे मला सांगितलं, जंतू बाळाच्या मेंदूत जातो, ठेवू नका, लवकर निर्णय घ्या. पाच मिनिटांत सांगून झालं. बाहेर पुढची पेशंट उभी होती.

त्या रात्री माझा नवरा आणि मी पडवीत बसून होतो. सासूबाई आतून दोनदा येऊन गेल्या, काही बोलल्या नाहीत. माझ्या एका मावसबहिणीचा फोन आला आणि तिने या कणकवलीच्या डॉक्टरांचं नाव सांगितलं. तिचा एकच शब्द माझ्या डोक्यात राहिला. ती म्हणाली, “अगं, त्या बाई आधी तारीख काढतात.”

तारीख म्हणजे नेमकं काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. माझ्या मते या दवाखान्याचं मोल त्यातच आहे.

टोक्सोप्लाझ्मा हा एकपेशीय परजीवी. जगात कितीतरी लोकांना तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि बहुतेकांना पत्ताही लागत नाही. एकदा झाला की शरीर त्याच्याविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं आणि त्यातली आयजीजी आयुष्यभर रक्तात राहते. दिवस राहण्याच्या बऱ्याच आधी तो होऊन गेला असेल तर निरोगी बाईच्या बाळाला सहसा धोका नसतो, उलट आईची जुनी लढाई बाळाच्या उपयोगी पडते. धोका आहे तो गरोदरपणात पहिल्यांदाच लागण झाली तर. म्हणजे प्रश्न ‘आहे का नाही’ हा नसून ‘कधी झाला’ हा आहे. आणि आयजीएम, ज्याला सगळे ताज्या लागणीची खूण समजतात, ती काही बायकांच्या रक्तात वर्षभरही रेंगाळते. कधी कधी तर चुकीचीही पॉझिटिव्ह येते. एवढ्या एका कागदावरून मला ‘ठेवू नका’ म्हणून सांगितलं होतं.

डॉक्टरांनी माझा कागद वाचला, बाजूला ठेवला आणि चौकशी सुरू केली. आधी कधी ही तपासणी झाली होती का, जुनी फाइल घरात आहे का, रक्तदान केलं होतं का. मग ताप कधी आला, मानेला गाठी आल्या होत्या का. मी नाही म्हणणार होते, तेवढ्यात नवरा म्हणाला, “डिसेंबरात आल्या होत्या ना, तू मीठ-पाण्याच्या गुळण्या करत होतीस.” खरंच. कानाखाली दोन गाठी, बोराएवढ्या, दुखत नव्हत्या. घसा धरलाय समजून मी विसरून गेले होते. डॉक्टरांनी ते तारखेसकट लिहून घेतलं. मटण कुठे खाल्लं, अर्धंकच्चं होतं का, विहिरीचं पाणी उकळून पिता का, भाजी कुठली. मांजर आहे का, हे त्यांनी सगळ्यात शेवटी विचारलं.

मांजर आहे. आमच्याकडे मासे येतात त्या घरात मांजर नसेल असं होत नाही. पण त्यांनी मांजरापेक्षा परसाबद्दल जास्त विचारलं, आणि तिथे माझ्या लक्षात आलं. भात कापून झालं की आम्ही मागच्या कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या शेतात, लाल माठ, मुळा, थोडी मिरची लावतो. त्या नोव्हेंबरात वाफे मीच केले होते. माती भुसभुशीत करायची, राख मिसळायची, बी टाकायचं, संध्याकाळी शिंपायचं. आणि रोज सकाळी बघावं तर एखाद्या वाफ्याचा कोपरा उकरलेला. मांजराला मऊ माती लागते. उकरतं, बसतं, वरून माती ओढून साफ करून जातं. मी ती जागा हाताने सारखी करायचे. मोकळ्या हाताने, रोज. पुढे तोच माठ कोवळा असताना खुडून, वरवर धुऊन आणलाय. आता कुणग्याकडे बघितलं की तो उकरलेला कोपरा दिसतो.

लागण तिथूनच झाली असं कुणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही, डॉक्टरांनीही सांगितलं नाही. पण मांजराच्या विष्ठेतून पडलेली ती सूक्ष्म अंडी मातीत महिनोन्महिने जिवंत राहतात हे त्यांनी समजावून सांगितलं. पाण्यात टाकलेल्या क्लोरिनने ती मरत नाहीत, उकळल्यावर मरतात. आमच्या विहिरीत दर पंधरा दिवसांनी ब्लिचिंग पावडर पडते, त्यामुळे पाणी बिनधोक असं मी समजत होते.

मग त्यांनी ॲव्हिडिटी नावाची तपासणी सांगितली. ती समजावून सांगायची त्यांची पद्धत मी विसरणार नाही. नवऱ्याला विचारलं, “तुमच्याकडे जाळी विणतात ना? शिकाऊ पोराने मारलेली गाठ ओढली की सुटते. जुन्या माणसाची सुटत नाही. अँटीबॉडीचं तसंच आहे. नवी असते ती जंतूला सैल धरते, चार-सहा महिन्यांनी घट्ट धरायला लागते. लॅबवाले युरियाचं पाणी घालून ओढून बघतात, सुटतेय की नाही.” गरोदरपणाच्या पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत घेतलेल्या रक्तात ती घट्ट निघाली, तर लागण दिवस राहण्याच्या आधीची. तिथे विषय संपतो. म्हणून ही तपासणी लवकर करायची. सातव्या महिन्यात केली आणि घट्ट आली, तर सुरुवातीच्या महिन्यांबद्दल ती काहीच सांगत नाही.

त्याच दिवशी बाकावर माझ्या शेजारी देवगडची एक मुलगी बसली होती. तिचाही कागद माझ्यासारखाच तांबडा. तिची ॲव्हिडिटी घट्ट आली होती. डॉक्टरांनी तिला एकही गोळी दिली नाही, दुसऱ्या ठिकाणी चालू केलेलं औषध बंद केलं आणि नेहमीच्या तपासणीला गावच्या आरोग्य केंद्रात जा म्हणून परत पाठवलं. ती दाराशी जाऊन परत आली आणि “खरंच काही नको?” असं विचारून गेली. दवाखान्याने पेशंटला काही न देता घरी पाठवलेलं मी फार कमी वेळा बघितलंय.

माझी सैल आली.

सैल आली म्हणजे लागण ताजीच असंही नाही, काही जणींची कितीतरी महिने सैलच राहते. म्हणजे मी अधांतरीच. यापुढचं त्यांचं काम मला सगळ्यात नीटनेटकं वाटलं. पहिल्या दिवशी माझं रक्त काढलं तेव्हा लॅबमधल्या ताईने सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पाणी, दोन छोट्या नळ्यांत भरलं होतं. एक मुंबईच्या मोठ्या लॅबला गेली, दुसरीवर माझं नाव, तारीख आणि आठवडा लिहून फ्रीझरमध्ये ठेवली. तीन आठवड्यांनी दुसरं रक्त घेतलं आणि ती जुनी नळी आणि ही नवी अशा दोन्ही एकदमच पाठवल्या, एकाच मशीनवर, एकाच दिवशी लावायला. कारण वेगवेगळ्या लॅबचे, वेगवेगळ्या दिवसांचे आकडे एकमेकांशी ताडून बघण्यात अर्थ नसतो. आधीच्या ठिकाणी मी माझं उरलेलं रक्त मागितलं होतं, ते टाकून दिलं होतं. आकड्यांचं काम मी रोज करते. दोन वह्यांतल्या शिलका जुळवायच्या तर दोन्ही एकाच तारखेच्या लागतात, हे मला कुणी शिकवायला नको. म्हणून ती नळी बघून मला पहिल्यांदा धीर आला.

पहिल्या नळीपेक्षा दुसरीत आयजीजी थोडी वाढलेली निघाली. फार नाही, पण वाढलेली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की गरोदरपणाच्या अगदी सुरुवातीला लागण झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही. मग म्हणाल्या, “आता पुढचं ऐक, घाबरून अर्धं ऐकू नकोस.” सुरुवातीच्या महिन्यांत लागण झाली तर ती बाळापर्यंत पोचण्याची शक्यता कमी असते, पण पोचली तर इजा मोठी. शेवटच्या महिन्यांत उलटं: पोचते जास्त, इजा सहसा कमी. माझं प्रकरण पहिल्या प्रकारातलं. म्हणजे बाळ सुटलेलं असण्याचीच शक्यता जास्त होती, आणि याच आकड्यांवर मला ते काढायला सांगितलं होतं.

स्पायरामायसिन तर पहिल्या भेटीनंतर लगेचच सुरू झालं होतं. दिवसातून तीन वेळा, आठ आठ तासांनी. पहाटे सहा, दुपारी दोन, रात्री दहा. पतसंस्थेत दुपारी दोनला माझ्या फोनचा गजर वाजायचा आणि काउंटरवरच्या बायका थांबायच्या. हे औषध वारेत साठतं आणि जंतूला बाळाकडे जाऊ न देण्यासाठी असतं. बाळाला लागण झालीच असेल तर त्यासाठी वेगळी औषधं लागतात, ती या गोळ्यांनी होत नाहीत. हा फरक त्यांनी कागदावर वार काढून दाखवला. ते चित्र माझ्या फाइलमध्ये आहे.

१९व्या आठवड्यात कोल्हापूरला जाऊन गर्भजल काढलं. १८ आठवड्यांच्या आधी आणि लागण झाल्याच्या अंदाजापासून चार आठवडे होण्याच्या आत ही तपासणी करत नाहीत, म्हणून मार्च उजाडला. फोंडा घाटातून गाडी हळू नेली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत बारीक सुई पोटातून घालतात. दुखण्यापेक्षा दडपणच जास्त. त्या पाण्यात जंतूचा डीएनए आहे का ते पीसीआरने बघतात. सहा दिवसांनी निरोप आला: निगेटिव्ह. मी काउंटरवर होते. समोर एक आजोबा ठेवीची पावती घेऊन उभे होते. त्यांना मी “जरा थांबा हां” म्हटलं, मागच्या खोलीत गेले आणि तिथे रडले.

डॉक्टरांनी मात्र त्या दिवशी पेढे घेतले नाहीत. पीसीआर निगेटिव्ह म्हणजे शक्यता फार कमी, शून्य नाही. गोळ्या बाळंत होईपर्यंत चालू राहतील, दर महिन्याला सोनोग्राफीत बाळाच्या डोक्यात पाणी वाढतंय का, चुन्यासारखे पांढरे ठिपके दिसतात का ते बघू, आणि बाळ झाल्यावर त्याची तपासणी वर्षभर चालेल. तेव्हा मला जरा रागच आला होता. दोन दिवस तरी आनंद करू द्यायला हवा होता असं वाटलं. आज नाही वाटत.

आणखी एक गोष्ट. आठव्या महिन्यात, जुलैमध्ये मला एक दिवस थंडी वाजून ताप आला. पावसाळ्यात आमच्याकडे तापाचं कुणाला काही वाटत नाही. त्यांनी लगेच हिवतापाची स्लाइड काढायला लावली आणि ती यायच्या आत घरी सोडलं नाही. हिवतापाचा परजीवीसुद्धा वारेतून बाळाला जाऊ शकतो आणि आईला तर जिवावर बेततं. स्लाइड निगेटिव्ह आली. गरोदर बाईचा ताप अंगावर काढू नये, एवढं त्यातून घरातल्या सगळ्यांनी घेतलं.

मुलगी नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी झाली. २ किलो ९०० ग्रॅम, रडायला कणखर. दिसायला अगदी चांगली. लागण झालेली बहुतेक बाळं जन्मतः अशीच चांगली दिसतात, आणि डोळ्याच्या पडद्यावरचे व्रण काही वर्षांनी, कधी शाळेत गेल्यावर, लक्षात येतात. म्हणून ‘बाळ गुटगुटीत आहे, आता कशाला सुया’ हे बोलणं मी कुणाचंही ऐकलं नाही. माझ्या आईचंही.

तिचं रक्त नाळेतून न घेता तिच्याच हाताच्या शिरेतून घेतलं, कारण नाळेतल्या रक्तात आईचं रक्त मिसळू शकतं. आईची आयजीजी वारेतून बाळात जातेच, ती मिळाली म्हणून घाबरायचं नाही. आयजीएम आणि आयजीए (तीही एक अँटीबॉडीच) मात्र आईकडून जात नाहीत. त्या बाळात सापडल्या तर बाळाने स्वतः बनवलेल्या, म्हणजे बाळाला लागण. तिच्या दोन्ही निगेटिव्ह आल्या, पण तो रिपोर्ट यायला ११ दिवस लागले. घाटात दरड कोसळली होती, कुरियर अडकलं, आणि पहिला नमुना पोचला तो खराब होऊन. पुन्हा टोचावं लागलं. तिच्या इवल्याशा मनगटाखाली मी माझं बोट धरलं होतं आणि ताई शीर शोधत होती. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा मिळाली. याबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मी तिथेही केली: पावसाळ्यात बाळाचा नमुना पाठवताना रस्ता चालू आहे की नाही हे आधी फोन करून बघायला हवं होतं. त्यांनी मान्य केलं. पुढच्या वेळी नमुना रेल्वेने गेला.

डोक्याची सोनोग्राफी टाळूवरून करतात हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे सासूबाई रोज टाळूवर खोबरेल तेल भरायच्या, त्यामुळे तिथे जावळ चिकट झालं होतं. डॉक्टरांनी कापसाने ते तेल हलक्या हाताने टिपून घेतलं, कोमट केलेली जेली लावली आणि अंगठ्याएवढं यंत्र तिथे टेकवलं. टाळू खालीवर होत होती, यंत्रही तिच्याबरोबर हलत होतं. पडद्यावर करड्या रंगाचा मेंदू, मधे दोन काळ्या बारीक चंद्रकोरी. त्या बारीक असणं चांगलं, पाणी भरलं की फुगतात. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या. “दिसता तां बरां आसा मां?” एवढंच विचारलं. बरं होतं. निघताना डॉक्टरांनी टाळू पुन्हा पुसली आणि म्हणाल्या, “आई, आता भरा तुमचं तेल.”

डोळ्यांसाठी पडदा तपासणारे डॉक्टर महिन्यातून दोनदा तिथे येतात. थेंब घालून बाहुली मोठी करायची, पापणी उघडी धरायची, डोक्यावरच्या दिव्याने आत बघायचं. बाळ किंचाळतं. बापाला आत येऊ देतात हे चांगलं, कारण पाय धरायला कुणीतरी लागतं आणि आईने धरू नये असं मला वाटतं. आईने नंतर लगेच पाजायला घ्यावं. कानाची तपासणीही झाली, ती झोपेतच.

मग सुरू झाला आकड्यांचा काळ. आईकडून मिळालेली आयजीजी बाळात साधारण दर महिन्याला निम्मी होत जाते आणि वर्षाच्या आत संपते. संपली तर बाळाला लागण नव्हतीच. कमी व्हायची थांबली किंवा वर गेली, तर बाळ स्वतः बनवतंय, आणि मग वर्षभर औषध. मी एका वहीत रेघा मारून लिहीत गेले. जन्माला २४०. सहाव्या आठवड्यात, चतुर्थीचा गणपती जाऊन थोडेच दिवस झाले होते, ८८. तीन महिन्यांनी ३०. सहा महिन्यांनी ५. पतसंस्थेत मी रोज आकडे वाढलेले बघून खूश होते, इथे उतरणाऱ्या आकड्यांची वाट बघत होते. नवव्या महिन्यात, मे मध्ये, निगेटिव्ह. त्यांनी बाराव्या महिन्याला पुन्हा बोलावलं, कारण एका निगेटिव्हवर फाइल बंद करत नाहीत. तोही आता निगेटिव्ह.

आता पैशाचं. ॲव्हिडिटी आणि जोडीने लावलेले दोन नमुने मिळून ३,९०० रुपये. कोल्हापूरची तपासणी, गाडी, राहणं धरून २१ हजारांवर गेलं. गोळ्या, सोनोग्राफी, बाळाची सहा वेळची रक्ततपासणी, डोळे हे सगळं धरलं तर बाळंतपण सोडून माझे ५२ हजार गेले. ही रक्कम लहान नाही. माझी एक मैत्रीण बागेत आंबे काढायच्या कामाला जाते, तिला हे झेपलं नसतं, आणि मला हे फार लागतं. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, २०१६ पासून सुरू आहे. मी तिथेही जात होते आणि हिमोग्लोबिन, लघवी, एचआयव्ही, सिफिलिस हे सगळं तिथे नीट झालं. पण टोक्सोची तपासणी त्यात नाही. फ्रान्समध्ये ज्या बायकांना अँटीबॉडी नाहीत त्यांची १९९२ पासून दर महिन्याला ती सक्तीने होते. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १९८६ पासून प्रत्येक नवजात बाळाच्या टाचेच्या रक्ताच्या थेंबावर ती करतात. आपल्याकडे सगळ्यांची करावी का, यावर डॉक्टरांचं मत सावध आहे: नुसती तपासणी केली आणि पुढे तारीख काढणारं कुणी नसलं, तर चांगली बाळं जातील. मला हे पटतं, कारण माझं गेलं असतं. पण निदान पॉझिटिव्ह आलेल्या बाईला ॲव्हिडिटी जिल्ह्याच्या ठिकाणी फुकट मिळावी, एवढं तरी व्हायला हवं. तेवढ्या एका तपासणीवर कितीतरी जणी दुसऱ्याच दिवशी सुटतील.

दवाखान्यात सुधारायच्या गोष्टी आहेत. बसायला दोन बाक, पंखा एक. रिपोर्ट सगळे इंग्रजीत, ज्यांना वाचता येत नाही त्यांनी डॉक्टर मोकळ्या होईपर्यंत बसायचं. आणि पुढच्या टेबलावरची मुलगी “टोक्सोवाली कोण, आत चला” असं मोठ्याने ओरडायची. शेजारी दोन बायका सरकून बसल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय, जणू माझ्यापासून त्यांना काही होणार होतं. हा आजार बाईकडून बाईला शेजारी बसून होत नाही. मी सांगितल्यावर आता नंबर पुकारतात. पाचपैकी चार तारे, एक या टेबलासाठी आणि त्या पावसाळ्यातल्या नमुन्यासाठी कमी.

मांजराबद्दल मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. पहिल्या ठिकाणी आम्हाला ते लांब सोडून या म्हणून सांगितलं होतं. सासूबाईंनी पिशवीसुद्धा काढून ठेवली होती. कणकवलीत त्यांनी विचारलं, “ह्या मांजराचा आता काय करूचा?” डॉक्टर म्हणाल्या, राहू दे. मांजर आयुष्यात सहसा एकदाच, पहिल्या लागणीनंतर दोन-तीन आठवडेच ही अंडी टाकतं, तेही बहुतेक लहान असताना. आणि टाकलेली अंडी लागण करण्याजोगी व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून घाण रोजच्या रोज उचलायची, गरोदर बाईने नाही, दुसऱ्या कुणीतरी. त्याला कच्चं मटण घालायचं नाही. मातीत हात घालायचे तर हातमोजे घालून, नंतर साबणाने धुऊन. माठ-मुळा तीन पाण्यांतून. मटण आतपर्यंत शिजलेलं, चव बघायला अर्धंकच्चं तोंडात टाकायचं नाही. कच्चं मटण चिरलेली विळी धुतल्याशिवाय कोशिंबिरीला लावायची नाही. पाणी उकळून. आमच्या घरात आता हे सगळ्यांसाठीच चालू आहे. मांजर पडवीतच असतं, मुलगी त्याला ‘मी’ म्हणते.

गेल्या आठवड्यात शेवटचा रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी माझ्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत चार ओळी लिहून दिल्या. आईला टोक्सोप्लाझ्माची लागण होऊन गेली आहे, आयजीजी यापुढे नेहमी पॉझिटिव्ह येईल, पुढच्या गरोदरपणात ही तपासणी पुन्हा करून घाबरू नये. खाली सही, तारीख. मी त्या पानाची झेरॉक्स काढून घरच्या कागदांत रेशनकार्डाबरोबर ठेवलीय.

जायचं असेल तर बुधवारी किंवा शनिवारी जा, त्या दिवशी नमुने मुंबईला निघतात. सकाळी ९ च्या आत पोचा. जुने रिपोर्ट, कितीही जुने असोत, सगळे बरोबर न्या. आणि आधीच्या लॅबकडे तुमचं सिरम शिल्लक आहे का, ते निघायच्या आधी फोन करून विचारा.